सापाचे दुखणे कसे ओळखावे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा ‘पाळीव सापाची दुखणी’ असे आम्ही सांगितले. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग मोठ्या सौजन्याने विचारणा झाली की, ‘सापाचे विष’ किंवा ‘सर्पदंशावर उपाय’ असा काही विषय घेता येणार नाही का? त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. सापामुळे माणसाला काय होते, याची चौकशी आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. सापाला काय होते, हे विचारण्याची पाळी आपल्यावर फारशी आलीच नाही. आपल्याकडे साप दोनच ठिकाणी असतो, पाटावर किंवा काठीखाली. या दोन्ही ठिकाणी त्याच्या प्रकृतीची विचारपूस होत नाही.

परंतु आता ती पाळी आली आहे. अमेरिकेत आणि युरोपात गेली कित्येक वर्षे लोक घरात साप पाळतात, आणि त्यात सर्वांत लोकप्रिय जो साप, तो आता आपल्या मुंबई-पुण्यातील काही घरांतही येऊन पोहोचला आहे. तो म्हणजे बॉल पायथन. इंग्लंडात त्याला रॉयल पायथन, म्हणजे राजअजगर म्हणतात. मूळचा हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या देशांतला. भ्याला की डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून बॉल. बिनविषारी, साधारण तीन ते पाच फूट लांब, स्वभावाने संकोची. बेनिनमधील विदा या गावी या अजगरांचे देऊळ आहे, आणि घरात शिरलेला अजगर तिथले लोक मारीत नाहीत, उचलून पोचवतात. नागपंचमी काही आपल्या एकट्याच्या मालकीची नाही!

येथे एक खुलासा करून ठेवतो. आपल्या देशातला साप धरून घरी ठेवणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा धामण किंवा डुरक्या घोणस पाळण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो त्यांनी या सभागृहातच सोडून जावा. परदेशी साप ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्यांची नोंदणी करावी, असे नियम केंद्र सरकारने २०२४ साली केले आहेत. साप पाळावा की पाळू नये, या वादात आज आम्ही शिरत नाही. आमचे मत न पाळण्याच्या बाजूचे आहे. परंतु जो जीव घरात येऊन बसलाच आहे, त्याला आमच्या मताचा काय उपयोग? त्याचे दुखणे कोणाला तरी कळले पाहिजे.

हे दुखणे कळणे कठीण का, ते आधी पाहू. गाय आजारी पडली की रवंथ थांबते, कान पडतात, नाकपुडी कोरडी होते. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावे लागत नाही. कुत्रे कण्हते, कोपऱ्यात जाऊन पडते, आपल्याकडे बघते. सापाला कण्हता येत नाही. त्याला पडायला कान नाहीत, मिटायला पापण्या नाहीत, आणि चेहऱ्यावर भाव दाखवणारे स्नायू नाहीत. शिवाय अशक्तपणा दिसला की शत्रू टिपतो, हे रानातले गणित, आणि ते पेटीत आल्यावरही त्याच्या अंगातून जात नाही. म्हणून तो दुखणे लपवतो. निरोगी सापही दिवसातले कितीतरी तास निश्चल पडून असतो. निश्चलपणा हा त्याचा स्वभाव, आणि निश्चलपणा हेच त्याच्या दुखण्याचे रूप. येथेच माणूस फसतो.

आम्हीही फसलो. तो प्रसंग सांगतो, कारण पुढचे सारे त्यातूनच निघते.

एका महाविद्यालयीन मुलाने डिसेंबरात आम्हाला दूरध्वनी केला. त्याच्याकडे बॉल पायथन होता. ‘काका, दोन महिने झाले, काही खात नाही. काळजीचं आहे का?’ या जातीचा साप थंडीच्या दिवसांत महिनोन्‌महिने अन्न नाकारतो, आणि तरी ठणठणीत असतो, हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असल्याची घमेंडही होती. ‘काळजी करू नकोस, या जातीची ही रीतच आहे,’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा उशीच्या अभ्र्यात साप घेऊन दारात उभा राहिला. अभ्रा सोडला, आणि आम्हाला काय ते समजले. पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा वर आलेला, दोन्ही बाजूंची कातडी उतरत्या छपरासारखी खाली गेलेली. डोके वर उचलून धरलेले, तोंड किंचित उघडे, आणि ओठांच्या कडेला लाळेची तार. कानाशी धरला तर आत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेला, त्यांनी इंजेक्शने दिली, आणि पाचव्या दिवशी साप गेला.

त्या मुलाला दोन प्रश्न विचारायला हवे होते, ते आम्ही विचारले नाहीत. ‘त्याचे वजन किती भरते?’ आणि ‘रात्री पेटीत उष्णता किती असते?’ पेटी खिडकीशी होती आणि दिवा रात्री मालवला जात असे. पुण्याची डिसेंबरातली रात्र आपण जाणताच.

या दोन प्रश्नांत सापाच्या आरोग्याचा निम्मा विचार येतो, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबू. सापाचे रक्त थंड असते असे आपण म्हणतो, ते तितकेसे खरे नाही. ते परिस्थितीइतके असते. आपण अन्न जाळून अंगात ऊब निर्माण करतो, तो बाहेरून ऊब उसनी घेतो. बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी, म्हणजे हवे तेव्हा तो इकडून तिकडे सरकतो. ही उसनवारी बंद झाली, तर केवळ त्याला हुडहुडी भरते असे नाही. पोटातले अन्न पचत नाही, ते आतच कुजू लागते. रोगाशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. डॉक्टरांनी दिलेले औषधसुद्धा थंड शरीरात नीट पसरत नाही आणि नीट बाहेर पडत नाही. म्हणून सापाच्या बऱ्याच रोगांचे मूळ सापात नसून पेटीत असते. आजारी साप पाहण्याआधी पेटीतला उष्णतामापक पाहावा, आणि तोही दोन्ही बाजूंना.

आता वजनाचे. उपाशी साप आणि आजारी साप यांच्यातला फरक डोळ्यांना उशिरा दिसतो, काट्याला लवकर. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो (फक्त तो नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये). पंधरा दिवसांनी एकदा वजन करून वहीत मांडावे. दोन-तीन महिने न खाणाऱ्या साप्याचे नव्हे, सापाचे (हसू नका, आमच्या जिभेलाही दुभंग आहे) वजन जवळजवळ तेवढेच राहिले, तर तो उपवास. दहावा हिस्सा उतरले, तर तो रोग समजून चालावे. त्या मुलाकडे अशी वही असती, तर आमच्या घमेंडीला कागदाने उत्तर दिले असते.

या वहीत आणखी काय असावे? खाल्ल्याची तारीख, विष्ठेची तारीख, कात टाकल्याची तारीख. विष्ठेबरोबर एक पांढरा खडूसारखा भाग पडतो, ते त्याचे मूत्र. पाणी वाचवण्यासाठी साप मूत्र घट्ट करून टाकतो. ते पाहून घाबरून जाणारे आम्ही पाहिले आहेत. विष्ठा पातळ, रक्तमिश्रित किंवा असह्य दुर्गंधीची होऊ लागली, तर मात्र घाबरावे, आणि ती डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावी, कारण जंत आणि आतड्यातले सूक्ष्म परजीवी त्यातच सापडतात.

श्वासाकडे वळू. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नाही, त्यामुळे त्याला खोकता येत नाही. फुप्फुसात पाणी साचले की आपण खोकून ते बाहेर काढतो, त्याला ती सोय नाही. अजगराला दोन फुप्फुसे असतात, पण डावे लहान. नाग-धामणीसारख्यांत तर ते नावापुरते. उरलेल्या लांबलचक फुप्फुसाचा मागचा भाग नुसत्या पिशवीसारखा असतो, तिथे स्राव साचून राहतो. म्हणून साप डोके वर धरून बसतो, श्वासनलिका सरळ व्हावी यासाठी. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुडीशी फेस किंवा बुडबुडा, घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, लाळेच्या तारा, यांतले एक लक्षण दिसले तरी उद्यावर टाकू नये. फुसकारणे निराळे, ते रागाने आणि क्षणभर असते. कात टाकण्याच्या सुमारास नाकात जुन्या कातेचा तुकडा अडकून हलकी शिट्टी वाजते, तीही निराळी, ती कातेबरोबर जाते. एरवीची शिट्टी हे दुखणेच.

यातले एक दुखणे विशेष आहे. अमेरिकेतले पाळणारे कित्येक वर्षे सांगत होते की, त्यांच्या बॉल पायथनना असा न्यूमोनिया होतो की पेटीची उष्णता नीट ठेवून आणि जंतुनाशक औषधे देऊनही तो हटत नाही. २०१४ साली त्यामागचा विषाणू सापडला. निडोव्हायरस नावाच्या कुळातला हा विषाणू. पुढे २०१८ साली निरोगी बॉल पायथनना तो मुद्दाम टोचून हाच रोग होतो, हे सिद्ध करण्यात आले. म्हणजे प्रत्येक वेळी दोष पेटीचाच असतो असे नाही. पाळणाऱ्याला उगाच अपराधी ठरवू नये, हेही आम्ही यातून शिकलो.

तोंड उघडून पाहायचे ते काळजीपूर्वक, आणि सवय नसेल तर डॉक्टरांकडूनच. निरोगी तोंड आतून फिकट गुलाबी, ओलसर आणि स्वच्छ असते. हिरड्यांवर लाल ठिपके, सूज किंवा ताकाच्या गुठळीसारखा पिवळट पांढरा साका दिसला तर तोंड कुजू लागले आहे. सापाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, चीजसारखा घट्ट होतो, कारण पू पातळ करणारी द्रव्ये त्याच्या पेशींत नसतात. म्हणून गळू आपोआप फुटून बरे होईल ही आपली घरगुती आशा सापाच्या बाबतीत व्यर्थ आहे.

कातडीविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, कारण साप आपले आरोग्य वरच घालून फिरतो. कात टाकण्याआधी अंगाचा रंग मळकट होतो, डोळे निळसर दुधी होतात. नव्याने पाळणारे त्याला मोतीबिंदू समजून धावत येतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात, आणि मग ओठांपासून सुरुवात करून साप मोज्यासारखी उलटी कात अखंड उतरवतो. अखंड कात हा प्रकृतीचा दाखलाच समजावा. ती तुकड्यातुकड्यांनी निघू लागली, तर हवा कोरडी आहे, पाणी कमी पडते आहे, किंवा आत काहीतरी बिघडले आहे. उतरलेल्या कातेवर डोळ्यांच्या दोन पारदर्शक टिकल्या आहेत का, हे जरूर पाहावे. नसतील तर त्या डोळ्यांवरच राहिल्या आहेत. त्या नखाने किंवा चिमट्याने काढू नयेत. आतला डोळा त्याबरोबर जातो. शेपटीच्या टोकाशी कातेची कडी राहिली, तर अंगठी रुतावी तशी ती रुतते आणि टोक वाळून झडते.

साप सारखा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसू लागला, तर एक शक्यता उकाड्याची, एक कात टाकण्याची, आणि तिसरी गोचिडीच्या जातीच्या बारीक किडीची. ही काळी कीड मोहरीहूनही लहान असते, हनुवटीखालच्या घडीत आणि डोळ्यांच्या कडेला दडते. पांढऱ्या ओल्या फडक्याने साप पुसावा, काळे ठिपके चालू लागले की निदान झाले. ही कीड रक्त पिते आणि एका सापाचा रोग दुसऱ्याला नेते. म्हणून नवा साप घरात आणला, तर तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवावा.

पोटाखालचे खवले तपकिरी, फुगलेले, पाणी भरलेले दिसले तर पेटीची जमीन ओली राहते आहे. करपल्यासारखा डाग दिसला तर खालचा तापवणारा दगड जास्त तापतो आहे. सापाला पोटाखालची जाळणारी उष्णता वेळेवर उमगत नाही, तो तिथेच पडून राहतो. आणि अंगावर कुरतडल्याच्या जखमा दिसल्या, तर त्या उंदराच्या. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत जिवंत उंदीर रात्रभर सोडून ठेवतात, आणि सकाळी भक्ष्याने भक्षकाला खाल्लेले असते. म्हणून पाश्चात्य देशांतले जाणते लोक आधी मारून गोठवलेला उंदीर ऊब देऊन घालतात. ऐकायला हे बरे वाटत नाही, आम्ही जाणतो. पण साप शाकाहारी होणार नाही.

खाल्लेले पुन्हा बाहेर टाकले, तर पहिली चौकशी अशी करावी : जेवणानंतर त्याला हाताळले का? पेटी गार होती का? घास मोठा होता का? ही कारणे नसताना वारंवार असे होत असेल, तर रोग खोल आहे.

शेवटची लक्षणे मज्जासंस्थेची, आणि ती पाहून माणसाला वाईट वाटते. साप मान मागे वळवून वर आकाशाकडे पाहत राहतो. उलटा केला तर निरोगी साप तत्काळ सुलटा होतो, हा होत नाही. अजगर आणि बोआ या कुळांत एक रोग १९७०च्या दशकापासून माहीत आहे, त्यात पेशींत विचित्र गोळे दिसतात. बोआ महिनोन्‌महिने वरवर बरा दिसतो, अजगर मात्र झपाट्याने जातो. कारण तीसएक वर्षे कळले नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना आजारी सापांत एरिनाव्हायरस कुळातले विषाणू सापडले. हे विषाणू तोवर फक्त सस्तन प्राण्यांत, विशेषतः उंदरांत, ठाऊक होते. औषध अद्याप नाही. इतर सापांना वाचवायचे, तर त्या सापाला वेगळा ठेवण्यावाचून इलाज नाही.

पण डोके डुलणारा प्रत्येक अजगर या रोगाचा नव्हे. बॉल पायथनच्या रंगीबेरंगी जाती पैदास करून विकल्या जातात. त्यांतल्या ‘स्पायडर’ नावाच्या जातीला, तो सुंदर जाळीदार रंग ज्या जनुकातून येतो, त्याच्याबरोबरच डोलण्याचा दोष येतो. आतील कानाची रचनाच बिघडलेली असते. असा साप घास नेमका पकडू शकत नाही, काही तर उलटे होऊन पडतात. तरी तो रंगासाठी विकत घेतला जातो. आजार ओळखण्याची भाषा आपण करतो आहोत, आणि येथे आजारच किंमत लावून काचेत मांडला आहे.

एवढे ऐकल्यावर आपल्यापैकी बहुतेक म्हणतील, आमच्या घरी काही अजगर नाही. खरे आहे. पण श्रावण तीन महिन्यांवर आहे. कायदा असूनही नागपंचमीच्या सुमारास पेटारी घेऊन फिरणारा एखादा माणूस आपल्या गल्लीत येतोच. या खेपेस त्याच्या नागाकडे आज ऐकलेल्या दृष्टीने पाहावे. कणा वर आलेला आहे का? कातेचे तुकडे अंगाला चिकटले आहेत का? तोंडाच्या कडा सुजलेल्या आहेत का? त्याचे दात बहुधा उपटलेले असतात, कधी ओठ दोऱ्याने शिवलेले असतात, आणि त्यातूनच ते तोंड कुजते. त्याला बरेच दिवस पाणी दिलेले नसते, म्हणून तो वाटीतले दूध पितो आणि आपण हात जोडतो. दूध त्याचे अन्न नव्हे, ते त्याला पचत नाही. आणि ते जबरीने पाजले, तर श्वासनलिकेत उतरते. मग मघाशी सांगितलेला तो वर उचललेला फणा आणि उघडे तोंड आपल्याला दिसते. आपण त्याला नाग डोलतो आहे असे म्हणतो. आमच्या आजीनेही दूध-लाह्या वाहिल्या आहेत, आणि तिची भक्ती खोटी होती असे म्हणण्याची आमची छाती नाही. तिला नाग दिसत होता. आजारी नाग दिसत नव्हता. अशी पेटारी दिसली तर वाद न घालता वनखात्याला कळवावे. भांडण झाले की माणूस पेटारी घेऊन पुढच्या गल्लीत जातो.

आता ज्यांच्या घरी खरोखर साप आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून पुरे करतो. लक्षण दिसले की प्रथम पेटीची उष्णता योग्य करावी आणि हाताळणे थांबवावे. माणसांची किंवा कुत्र्याची उरलेली औषधे देऊ नयेत, मात्रा चुकली तर औषधच मारते. सापाला हात लावल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी सापाच्या अंगावरही सॅल्मोनेला जंतू असू शकतात. घरात तान्हे मूल असेल तर विशेष जपावे. गावातला प्रत्येक प्राण्यांचा डॉक्टर साप पाहत नाही, म्हणून असा डॉक्टर साप आजारी पडण्याआधीच शोधून ठेवावा.

नेताना साप अभ्र्यात घालून त्याचे तोंड बांधावे, अभ्रा डब्यात ठेवावा, डब्याला हवेसाठी भोके असावीत. थंडी असेल तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. सोबत शेवटची कात, डबीतली विष्ठा आणि ती वही न्यावी. अमेरिकेत सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात बासष्ट वर्षांच्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली. तेव्हा वही जरा जाड घ्यावी.

तो मुलगा पुन्हा एकदा आमच्याकडे आला होता. दुसरा साप घेऊ का, असे विचारायला. आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्याला पेटी रात्री किती गार पडते, ते आधी रिकाम्या पेटीत महिनाभर मोजून आण, असे सांगितले. तो मोजतो आहे.